केरोबाची कल्हई

केरोबा तांबट कोणाच्याही घरी गेला तरी आधी माणसांकडे पाहत नसे. घरधनी "ये रे केरोबा" म्हणत असायचा आणि याची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीशी पालथ्या घातलेल्या भांड्यांवर. मग हा हातातली पिशवी खाली ठेवायचा, जवळचं एखादं सतेलं उचलून उजेडाकडे धरायचा आणि त्यात डोकं घालून आतूनच बोलायचा. "हे दोन महिने." आवाज घुमून बाहेर यायचा. दुसरं उचलायचा. "हे दिवाळीपर्यंत." तिसरं. "याचं झालं." ऐकणाऱ्या बायकांना वाटे, हा आपल्या घरातल्या माणसांचंच काही सांगतोय.

मी आचारी. मागच्या श्रीमंत पेशव्यांच्या कारकिर्दीत पुण्यातल्या मोठ्या घरांतून लग्नं, मुंजी, श्राद्धपक्ष यांचा स्वयंपाक मी केला. शहर तेव्हा वाढत होतं आणि पंगती त्याहून जास्त वाढत होत्या. जिथे पंगत तिथे मी, आणि माझ्या आधी दोन दिवस केरोबा. कोठीतली भांडी बाहेर निघत, परसात खड्डा खणून कोळसा पेटे, भाता चाले, आणि तापलेल्या पितळेवर नवसागर पडला की पांढऱ्या धुराचा असा लोट उठे की शेजारची माणसं खिडक्या लावून घेत. त्या धुरात केरोबा कथलाची कांडी भांड्याच्या पोटात फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ती पसरवायचा. काळवंडलेलं भांडं डोळ्यांदेखत आतून चांदीसारखं व्हायचं. मी हे शेकडो वेळा पाहिलं, तरी दर वेळी हातातलं काम सोडून पाहत असे. केरोबा मात्र त्या वेळी भांड्याकडे अशा कंटाळलेल्या डोळ्यांनी बघे की जणू त्याला पुढचा काळिमा आताच दिसतो आहे.

माणूस ठेंगणा. भाजून भाजून भुवया गेलेल्या, त्यामुळे चेहरा सदा किंचित चकित. तळपाय कायमचे काळे, कारण भांड्यात वाळू घालून, त्यात उभं राहून, कमरेतून वळत वळत तो ती घासायचा. छातीत खोकला. आणि आवाज मोठा. कसब्यात तांबट आळीत जन्म गेला; दिवसभर शंभर हातोडे चालत असताना ज्याला बोलायचं आहे त्याला हळू बोलणं कुठून येणार? त्यामुळे एखाद्या घरी भांडं खराब निघालं की ते सगळ्या आळीला समजे. यजमानांना हे आवडत नसे. "अरे, हळू बोल ना जरा," असं म्हटलं की तो आणखी मोठ्याने विचारी, "काय म्हणालात?"

त्याच्या घरच्यांविषयी मला फार माहीत नाही. बायको होती. मुलगी सासवडला दिलेली. माझ्याहून तो दहा वर्षांनी तरी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करी आणि तो मला भटजी म्हणे. तेव्हा ते तसंच चाले. त्याचा एक शब्द मात्र माझ्या कानात अजून आहे. "सांगितलंय." अमक्याकडचं घंगाळ फुटलंय, केरोबा. "सांगितलंय." तमक्याकडे चिंचेचं सार रात्रभर पितळेत ठेवतात. "सांगितलंय मी." रागाने नाही म्हणायचा. दिवसभर ओझं वाहून आलेला माणूस ओट्यावर बसताना जसा श्वास सोडतो, तसं म्हणायचा.

कथील कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून यायचं. ते घ्यायला तो रविवार पेठेत जाई. एकदा मी मसाल्याच्या खरेदीला गेलो होतो, तर हा दुकानाच्या पायरीवर उभा राहून कानाशी कांडी धरून ती वाकवतोय. खरं कथील वाकवलं की आतून बारीक करकरतं. शिसं मुकं असतं. तांबटांच्या पोरांनाही हे ठाऊक असे, पण भर बाजारात कानाशी कांडी लावून डोळे मिटून उभा राहणारा हा एकटाच.

दुकानदार गिऱ्हाइकांकडे बघून हसत म्हणाला, "काय केरोबा, काय म्हणतंय आमचं कथील?"

केरोबाने डोळे उघडले. "म्हणतंय, मी शिसं आहे."

गिऱ्हाइकं हसली. दुकानदार नाही हसला. केरोबाने कांडी परत ठेवली आणि दुसरी उचलली, मग तिसरी. पंधरा-वीस कांड्यांतून तीन वेगळ्या काढल्या आणि तेवढ्याच घेऊन निघाला. वाटेत मला म्हणाला, "आधी दहात एक असायची अशी. आता दहात एक चांगली निघते."

"इतर तांबट काय करतात मग?"

"लावतात. शिसं लवकर वितळतं, कोळसा कमी लागतो, आणि पहिले आठ दिवस माझ्या कल्हईपेक्षा जास्त चमकतं." तो खोकला. "भटजी, त्या भांड्यात आंबट शिजवलं की ते थोडं थोडं उतरतं पोटात. एका दिवसात काही होत नाही. एका दिवसात झालं असतं तर बरं होतं. लोकांनी विश्वास तरी ठेवला असता."

त्याने बाजाराच्या चावडीवर तक्रार नेली. तसं कल्हई केलेलं एक पातेलंच सोबत नेलं. तिथल्या कारकुनाने ते उचललं, आत आपलं तोंड पाहिलं, पगडी सारखी केली आणि म्हणाला, "मला तर यात तोंड स्वच्छ दिसतंय."

"मग तोंडच शिजवा यात," केरोबा म्हणाला.

त्या दिवशी त्याला शिपायाने दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. आळीतले तरुण तांबट नंतर बरेच दिवस त्याला कथलाचा ज्योतिषी म्हणत. त्याचं काम मात्र कमी होत गेलं. जो चांगलं कथील शोधत चार दुकानं फिरतो, त्याच्याकडे दोन दिवस थांबावं लागतं, आणि पुण्यात थांबायला कोणाला वेळ होता?

नारायण पेठेतल्या जोश्यांची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. त्यांच्याकडे दरवर्षी ज्येष्ठात श्राद्धाचा स्वयंपाक माझ्याकडे असे. घर भरलेलं, खाऊनपिऊन सुखी. थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि उमा म्हणून सून आली. चौदा-पंधरा वर्षांची, कामसू, हळू बोलणारी. लग्नानंतरच्या दुसऱ्या श्राद्धाला गेलो तर घराची कळा उतरलेली. म्हाताऱ्या जोश्यांना पोटात पिळवटून कळा येत. आठ आठ दिवस पोट साफ होत नसे. सासूचे हात लुळे पडल्यासारखे, भाकरी थापताना मनगट खाली पडे. मुलगा पांढराफटक. आणि उमाची दोन बाळंतपणं मध्येच गेलेली. वैद्य झाले, अंगारे झाले. मग घरात एक बोलणं सुरू झालं, आधी हळू आणि नंतर तिच्या तोंडावर. ही आली तेव्हापासून. हिचा पायगुण.

मी गेलो त्या दिवशी सासूबाई मला ऐकवून म्हणाल्या, "अधिक महिन्यात हिला माहेरी पोचवायचं ठरलंय. परत आणायची की नाही ते मग बघू." उमा तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास बसत चालला होता. आमटीचं एक पातेलं चुलीवरून उतरवताना कानाशी उखडलं, म्हणून मी केरोबाला निरोप पाठवला. तो आला, नेहमीप्रमाणे माणसांकडे न पाहता पातेल्यात डोकं घातलं, आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग त्याने आपल्या धोतराचा सोगा बोटाला गुंडाळला आणि पातेल्याच्या आतून जोराने ओढला. पांढऱ्या कापडावर काळा ओरखडा उठला.

"ही कल्हई कधीची?"

"लग्नातली," सासूबाई म्हणाल्या. "सगळी भांडी नव्याने करून घेतली तेव्हा."

"मी नव्हती केली."

"तू दोन दिवस लावणार होतास. दुसऱ्याने एका दिवसात केली."

केरोबा मोठ्याने म्हणाला, आणि तो मोठ्याने म्हणाला म्हणजे शेजारच्या दोन घरांनी ऐकलं: "या घरात जे चाललंय ते या भांड्यांचं आहे. पोरीचं काही नाही त्यात."

म्हातारे जोशी बाजेवरून उठून बसले. "तांबटांनी वैद्यकी केव्हापासून सुरू केली?"

"माणसांची नाही करत, काका. भांड्यांची करतो. ही भांडी आजारी आहेत."

जोश्यांनी त्याला हात जोडून दार दाखवलं. तो निघाला, दारापर्यंत गेला आणि परत वळून सासूबाईंना म्हणाला, "पातेल्याचा कान बसवायला न्यायचंच आहे, तर सगळीच द्या. नवी कल्हई करून देतो. फुकट." फुकट म्हटल्यावर सासूबाईंचं मन बदललं. दोन फेऱ्यांत त्याने सगळी भांडी नेली, जुनी कल्हई जाळून, खरवडून काढली आणि आपल्याजवळचं जपून ठेवलेलं कथील त्यांना लावलं. तोपर्यंत जोश्यांकडे मडक्यांत स्वयंपाक चालला होता.

दसऱ्यापर्यंत म्हाताऱ्यांच्या कळा कमी झाल्या. सासूबाईंची मनगटं हळूहळू वर आली. त्याच सुमारास त्यांनी घरात ग्रहांची शांत करवली होती, त्यामुळे श्रेय शांतीला गेलं. उमा माहेरी गेली नाही. दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. बारशाच्या जेवणाला मीच होतो. केरोबाला कोणी बोलावलं नव्हतं, बोलवायचं कारणही कोणाला ठाऊक नव्हतं. पण दुपारी उमा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली आणि मला म्हणाली, "भटजी, एवढं तांबट आळीत पोचवाल?" पळसाच्या द्रोणात खीर होती, वर दुसरा द्रोण झाकलेला.

मी ती नेऊन दिली. केरोबाने झाकण उचलून पाहिलं आणि त्या भुवया नसलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. तो हसताना मी फार कमी वेळा पाहिला आहे. "पोर शहाणी आहे," तो म्हणाला. "द्रोणात पाठवलीय."

आता जे सांगायचं ते सांगायला मी इतकी वर्षं घेतली.

शुक्रवार पेठेत एका सरदाराच्या नातवाची मुंज होती. वैशाखातले दिवस. आठ दिवस आधी कोठीतली भांडी निघाली आणि केरोबाला बोलावणं गेलं. कथील यजमानांकडून मिळणार होतं. कारभाऱ्यांनी ते स्वतः बाजारातून आणवलं होतं. केरोबाने कांड्या कानाशी लावल्या आणि परत केल्या. "हे मी लावणार नाही." कारभारी चिडले. केरोबाने आपल्याजवळ होतं तेवढं कथील वापरून बाकी भांडी केली आणि एक मोठं तपेलं तसंच राहिलं. त्याने कोळशाने त्याच्या पोटावर मोठी फुली मारली आणि मला बोलावून आतून दाखवलं. तळाला हातभर पितळ उघडं पडलं होतं.

"भटजी, यात भात शिजवा, पाणी तापवा. आंबट काही घालू नका. ताक तर नाहीच."

"बरं."

"मी कारभाऱ्यांनाही सांगितलंय. पण स्वयंपाकघर तुमचं आहे."

"बरं म्हटलं ना."

मुंजीच्या आदल्या दुपारी वरून निरोप आला की पानं दुप्पट होणार. गवळ्यांच्या कावडी आल्या होत्या, दारात ताक उभं होतं, आणि मठ्ठ्यासाठी आणवलेले मातीचे डेरे केव्हाच भरले होते. कुंभाराकडे माणूस पाठवला तर तो रिकाम्या हाताने परत आला. उन्हात गवळी ओरडत होते. भिंतीशी तपेलं उभं होतं.

फुली मी पाहिली. ओल्या फडक्याने मीच पुसली. मनात म्हटलं, उद्या दुपारपर्यंतचाच तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ताकावर किंचित हिरवट झाक आली होती. जिभेवर एक थेंब घेतला, कडवट, कळकलेला. टोपलीभर कोथिंबीर मी त्यात चिरून घातली, आलं, हिंग, मीठ वाढवलं. आता कोणी विचारलं की त्या क्षणी तुला समजलं होतं का, तर मी काय सांगू? समजलं होतं.

पहिल्या पंगतीला डेऱ्यांतला मठ्ठा गेला. दुसरीला तपेल्यातला. दुसरी पंगत उठायच्या आत बटूचा मामा ओकायला बाहेर धावला. मग त्याच्या शेजारचा. मग ओळीने. अंगणात माणसं पोट धरून बसली, बायका मुलांना काखेत घेऊन न्हाणीकडे धावल्या. कोणीतरी ओरडलं, "मोडशी! मोडशी लागली!" आणि ते एकदा तोंडातून निघाल्यावर कोणाला थांबवायचं? मोडशी म्हणजे ओकाऱ्या-जुलाबांची साथ; आज इथे तर उद्या सबंध पेठेत. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन घरांनी गाड्या जुंपल्या आणि माणसं खडकवासल्याकडच्या गावांना निघाली. जी राहिली त्यांनी दारांवर कडुनिंब बांधला.

केरोबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. स्वयंपाकघराच्या मागे घासायला टाकलेलं तपेलं त्याने उचललं. आत पाहिलं. मग बाहेरून पाहिलं, जिथे फुली होती तिथे. मग माझ्याकडे. मी चुलीतली राख काढत होतो आणि काढतच राहिलो.

तो तिथून निघाला आणि पेठेतल्या घरोघरी गेला. दाराशी उभा राहून विचारी, "मठ्ठा घेतला होता का? कोणत्या पंगतीला?" लोक दार अर्धं उघडून त्याला हाकलत, पण काहींनी सांगितलं. दुपारी तो परत आला तेव्हा घामाने भिजला होता. सरळ कारभाऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. आम्ही आचारी ओटीच्या खालीच होतो.

"ही साथ नाही, सरकार. पहिल्या पंगतीत कोणाला काही झालेलं नाही. दुसरीतही ज्यांनी मठ्ठा घेतला नाही ते ठणठणीत आहेत. गाड्या जुंपून पळायचं कारण नाही. ज्यांना झालंय त्यांना दूध-तूप द्या, आणि उरलेला मठ्ठा कोणाला देऊ नका."

कारभारी शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या घरच्या अन्नाने झालं?"

"भांड्याने झालं."

"भांड्याला कल्हई करायचं काम कोणाचं होतं?"

"माझं."

"केलीस?"

"कथील नव्हतं. तुम्ही दिलेलं शिसं होतं. मी तसं सांगितलंय. फुली मारून गेलो होतो."

"फुली कुठाय?"

केरोबाने ओटीखाली नजर टाकली. आम्ही चौघे आचारी उभे होतो. त्याची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"असेल पुसली गेली," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात सांगितलं होतं मी. नीट सांगितलं नसेल."

साथ म्हटली की कोणाचाच दोष उरत नाही. ती वाऱ्यावर येते आणि वाऱ्यावर जाते. सरदारांच्या घराला तेच सोयीचं होतं. बाहेर सगळीकडे साथच सांगितली गेली, साथीच्या देवीला, जरीमरीला, नैवेद्य वेशीपर्यंत वाजतगाजत नेला गेला. आणि आत, काम अर्धवट टाकल्याबद्दल केरोबाला सांगण्यात आलं की या घराची आणि या घराच्या सोयऱ्यांची भांडी त्याने पुन्हा शिवायची नाहीत. त्या घराचे सोयरे म्हणजे अर्धं पुणं.

बहुतेक लोक दोन-तीन दिवसांत बरे झाले. आमचे गणूकाका झाले नाहीत. गणूकाका पाणक्या होते. हौदावरून घागरी वाहून वाहून खांद्याला घट्टे पडलेले, एकटे, म्हातारे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते शेवटी बसत आणि जे तळाला उरेल ते आवडीने घेत. त्या दिवशी बाहेर गोंधळ चालला असताना त्यांनी कोपऱ्यात बसून तळातला मठ्ठा दोन पंचपात्र्या भरून घेतला होता. उन्हाने थकलेल्या माणसाला ताक गोडच लागतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ते गेले ही गोष्ट सरदारांपर्यंत पोचलीही नसेल. आम्हीच त्यांना ओंकारेश्वराच्या घाटावर नेलं. केरोबा मागून चालत आला होता, थोडं अंतर ठेवून.

परत येताना मी त्याला नदीच्या वाळूत गाठलं.

"केरोबा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" पहिल्यांदाच मी त्याला तुम्ही म्हटलं, आणि ते माझ्याही उशिरा लक्षात आलं.

तो काही पावलं चालला, खोकला आला म्हणून थांबला. "नाव घेऊन काय झालं असतं? तुम्हाला काढलं असतं. तुमच्या जागी दुसरा आला असता, त्याला मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही निदान आता विसरणार नाही."

त्याने मला क्षमा केली, असं मला कधी वाटलं नाही. माझा उपयोग काय होईल एवढाच हिशेब त्याने त्या ओटीसमोर उभं राहून केला होता. क्षमा केली असती तर मी कदाचित विसरलोही असतो.

त्यानंतर मी भांड्यात डोकं घातल्याशिवाय चूल पेटवली नाही. यजमानांशी भांडलो, दोन घरं सुटली. नवे आचारी माझ्या पाठीमागे हसत. तरुण स्वयंपाक्याला मी तेच तेच सांगू लागलो आणि तो "हो काका" म्हणून तेच तेच करू लागला. तेव्हा केरोबाचा थकवा काय होता ते मला समजलं. काम करून माणूस इतका थकत नाही. सांगून थकतो.

केरोबा शहरात दिसेनासा झाला. तांबट आळीत चौकशी केली तर म्हणाले, आता गावं धरलीत त्याने. पोतं पाठीवर टाकून सकाळी नदी ओलांडतो, आठ-आठ दिवस येत नाही. सुनेसारखं दुखणं लपवायची सवय, खोकल्यातून रक्त पडतं पण सांगत नाही.

दोन वर्षांनी मी कारभाऱ्यांकडे गेलो. दुसऱ्याच कामासाठी बोलावलं होतं, पण मी आधी ते सांगितलं. फुली मी पुसली, ताक मी ओतलं, केरोबाची चूक नव्हती. ते जमाखर्चाचं काही वाचत होते. मान वर करून म्हणाले, "कोणती मुंज?" मी आठवण करून दिली. "हां, ती. साथ होती ना ती?" आणि मग, "ते राहू द्या. गुरुवारी पानं किती धरायची ते सांगा."

तरी वाटलं, हे केरोबाला सांगायला हवं. मी बोललो, एवढं तरी.

संधी आली ती चैत्रात. वारज्याला पाटलांच्या घरी लग्न होतं, आणि ब्राह्मणांच्या पंगतीचा स्वयंपाक माझ्याकडे होता. दुपारी सामान उतरवून घेतल्यावर कोणीतरी म्हणालं, पुण्याचा कल्हईवाला म्हातारा आलाय, ओढ्याकडच्या चिंचेखाली बसतो. मी तसाच निघालो.

कोळशाचा खड्डा विझला होता. भाता बाजूला पडला होता. चिंचेच्या बुंध्याला टेकून केरोबा झोपला होता. इतका वाळला होता की आधी वाटलं, दुसराच कोणी. तोंड उघडं, श्वासाला घरघर. पाय मात्र तेच, काळे.

त्याच्यापासून हातभर अंतरावर एक शेतकरीण बसली होती. मांडीवर तपेलं. उन्हातान्हातून आलेली दिसत होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या बाबाला," ती हळू म्हणाली. "सकाळधरनं दमलाय. आख्ख्या गावाची भांडी केली."

"तुम्ही केव्हाच्या बसलात?"

"झाला येक पहर. मागल्या खेपंला त्यानं सांगितलं व्हतं, ह्ये चैतापातूर चालंल, मग आंबट घालू नगं. म्हनून आनलंय." तिने तपेल्याच्या आत बोट फिरवून मला दाखवलं. तळाशी नखाएवढं पितळ दिसू लागलं होतं. "बगा, हाय का न्हाय? म्या तवापास्नं कालवण मडक्यातच करती."

मीही बसलो. जे सांगायचं होतं ते मनात जुळवत होतो. पाटलांकडून दोनदा बोलावणं आलं. केरोबा उठला नाही, आणि त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी मी उठलो. म्हटलं, संध्याकाळी येईन. संध्याकाळी पंगत लांबली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढच्या गावाला गेलेला होता. आषाढात तांबट आळीतून कळलं की सासवडला, मुलीच्या घरी, तो वारला.

पण त्या दुपारी ओढ्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं होतं. ऊन कलायला लागलं होतं, चिंचेची सावली सरकून केरोबाच्या तोंडावर ऊन आलं होतं. ती बाई उठली, तपेलं कडेवर घेतलं, त्याच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि आपली सावली त्याच्या तोंडावर पडेल अशी बसली. थोड्या वेळाने पुन्हा थोडी सरकली.